पावलीची गोलाई

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



‘कवितेपलीकडचं काहीतरी बोला’ असं मला सांगण्यात आलं तेव्हा खरं सांगतो, हायसं वाटलं. कवीला बोलावलं की लोक दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, कविता सुचते कशी? आणि माझं नाव ऐकून दुसरा, तुमचं मराठी इतकं चांगलं कसं? पहिल्याचं उत्तर मला येत नाही आणि दुसऱ्याचं देऊन देऊन मी कंटाळलो आहे. तेव्हा आज मी लाकडाविषयी बोलणार आहे.

पुण्यात भवानी पेठेत, टिंबर मार्केटपासून हाकेच्या अंतरावर आमचं जुनं घर आहे. त्याची मागची पडवी सात फूट लांब आणि चार फूट रुंद. तिथं मी बिलियर्ड्स, स्नूकर आणि पूल या खेळांचे क्यू दुरुस्त करतो, अधूनमधून एखादा नवा बनवतो. क्यू असतो साधारण चार फूट दहा इंचांचा. त्यामुळे तो आडवा फिरवायचा झाला तर मला पडवीचं दार उघडावं लागतं आणि शेजारच्या आजींना ‘जरा सांभाळून’ म्हणून ओरडावं लागतं. अशी ही माझी कार्यशाळा.

क्यू म्हणजे या खेळातली काठी. पण काठी म्हटलेलं अब्बांना खपायचं नाही. काठी म्हातारा धरतो, म्हशीवाला धरतो, क्यू खेळाडू धरतो, असं त्यांचं म्हणणं.

अब्बा कॅम्पातल्या एका क्लबात मार्कर होते. त्या क्लबाचं नाव मी घेत नाही, का ते पुढं कळेल. मार्कर म्हणजे बिलियर्ड्सच्या खोलीतला गुणलेखक, पंच, हमाल, मिस्त्री आणि एखाद्या मेंबरला जोडीदार मिळाला नाही तर त्याचा भिडूही. भिडू झालं तरी जिंकायचं किती, याचा अंदाज ज्याचा त्यानं ठेवायचा. सकाळी जाऊन अब्बा टेबलाचं कापड ब्रशनं झाडायचे. त्या हिरव्या कापडाला लव असते. ब्रश फिरवायचा तो लवेच्या दिशेनं, आणि मागून जड इस्त्री फिरवायची तीही त्याच दिशेनं. उलटी फिरली तर हळू मारलेला चेंडू शेवटच्या वीतभर अंतरात भलतीकडे वळतो. बारा फूट बाय सहा फुटांचं ते टेबल, कापडाखाली पाटीच्या दगडाचे पाच जाड तुकडे, एकमेकांना असे भिडवलेले की सांध्यावरून नख फिरवलं तरी कळू नये. हे सगळं मला तोंडपाठ आहे, पण ऐकून. मार्करच्या पोरांनी त्या खोलीत पाऊल टाकायचं नाही, असा नियम होता. मी दुपारचा डबा घेऊन जायचो आणि मागच्या व्हरांड्यातल्या खिडकीच्या जाळीतून बघायचो. जाळीमुळे चेंडू दिसायचे, माणसांचे चेहरे दिसायचे नाहीत. मनगटं मात्र दिसायची. अजूनही मी खेळाडू ओळखतो ते मनगटावरून.

या खेळाचा आपल्या मुलखाशी संबंध काय, असं तुम्हाला वाटेल. स्नूकर जन्मला तोच मुळी जबलपूरला. १८७५ साली पावसाळ्यात तिथल्या छावणीतल्या मेसमध्ये नेव्हिल चेंबरलेन नावाच्या तरुण अधिकाऱ्यानं जुन्या खेळात आणखी रंगीत चेंडू घालून हा नवा प्रकार काढला. पुढे पंतप्रधान झालेला चेंबरलेन वेगळा. त्या काळी लष्करी शिक्षणसंस्थेतल्या नवख्या पोरांना ‘स्नूकर’ म्हणत. कुणाचा तरी सोपा फटका चुकला, त्याला हा शब्द चिकटवला गेला, आणि मग तो खेळालाच चिकटला. पुढे उटीच्या क्लबात नियम लिहून भिंतीवर लागले. आपल्याकडच्या जुन्या छावणी गावांतून बिलियर्ड्सची टेबलं का सापडतात ते यावरून कळावं.

आणि आपल्या पुण्याचं म्हणाल, तर विल्सन जोन्स पुण्यात जन्मले. १९५८ साली कलकत्त्याला त्यांनी हौशी बिलियर्ड्सचं जागतिक विजेतेपद मिळवलं, १९६४ साली न्यूझीलंडला जाऊन पुन्हा मिळवलं. स्वतंत्र भारताचा कुठल्याही खेळातला पहिला वैयक्तिक जगज्जेता हाच माणूस. क्रिकेटच्या गडबडीत आपण त्यांना विसरलो. अब्बा विसरले नव्हते. पेपरात आलेला त्यांचा फोटो अब्बांच्या पत्र्याच्या ट्रंकेत, निकाहनाम्याच्या खाली, घडी करून ठेवलेला होता. अब्बांना मराठी वाचता येत नव्हतं. फोटोखालचा मजकूर त्यांना पहिल्यांदा मी वाचून दाखवला. तेव्हा मी चौथीत होतो. ‘जगज्जेता’ या जोडाक्षरावर मी अडखळलो, आणि त्यांनी मला तो शब्द तीनदा म्हणायला लावला.

इशाची नमाज झाली की अब्बा पडवीत बसायचे. मेंबर लोकांच्या क्यूंच्या टिपा बदलायचं काम घरी आणायचे. टीप म्हणजे क्यूच्या टोकाला बसवलेली चामड्याची गोल टोपी. चेंडूला जे काय सांगायचं ते हीच सांगते, मागची सगळी लांबी नुसती तिला पोचवायला. चामडं नव्हतं तेव्हा उघड्या लाकडानंच मारत. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला टीप आली. मिंगो नावाच्या एका फ्रेंच कॅप्टनला तिचं श्रेय देतात आणि तो तुरुंगात असताना त्याला ती सुचली असंही सांगतात. तुरुंगात माणसाला काय काय सुचतं! चामड्याची टीप आली म्हणून चेंडूला फिरकी देता यायला लागली, कारण ती निसटत नाही. निसटू नये म्हणून तिला जो निळा खडू घासतात तो खरं तर खडू नसतोच. १८९७ साली अमेरिकेत विल्यम स्पिंक्स या खेळाडूनं एका रसायन जाणणाऱ्या मित्राबरोबर त्याचं पेटंट घेतलं. त्यात सिलिका असते आणि कुरुंदाच्या जातीची कठीण पूड असते. शाळेतला खडू घासणारे महाभागही मी पाहिले आहेत. चेंडू पांढराफटक होतो, बाकी काही होत नाही.

टीप बसवणं सोपं वाटतं. जुनी टीप कापून काढायची, खालच्या पितळी टोपणाचा माथा अगदी सपाट करायचा. ‘अगदी’ म्हणजे, काचेवर पॉलिश पेपर अंथरून त्यावर क्यू उभा धरून फिरवायचा, कारण हातात धरून घासलं की कडा हमखास गोल होतात आणि टिपेच्या मध्यभागी पोकळी राहते. तशी टीप महिन्याभरात उडते. नव्या टिपेचा तळही खरवडायचा. अब्बांच्या वेळी सरस लावून, दोऱ्यानं बांधून रात्रभर ठेवायचे. आता फेविक्विकचा एक थेंब पुरतो. मग क्यू उलटा करून टीप फळीवर दाबायची आणि बाहेर आलेलं चामडं धारदार पात्यानं कापत न्यायचं. पातं टिपेच्या माथ्याकडून टोपणाकडे ओढलं तर चामडं उलगडतं, म्हणून क्यू उलटाच धरून वरून खाली, फळीच्या दिशेनं कापायचं. शेवटी कानशीनं माथ्याला घुमट द्यायचा.

हा घुमट किती? इथं पावली येते. पावली म्हणजे चार आणे, पंचवीस पैशांचं नाणं. व्यास एकोणीस मिलिमीटर. नाणं टिपेवर उभं धरायचं, दिव्यापुढं न्यायचं आणि नाण्याची कड आणि चामड्याचा घुमट यांच्यामधून उजेड येतो का ते पाहायचं. उजेड दिसला तर अजून घासायचं. अमेरिकेतले लोक याच कामाला त्यांची डाईम आणि निकेल ही नाणी वापरतात. एक आपल्या पावलीहून जरा लहान, दुसरं जरा मोठं. ३० जून २०११ पासून पावली चलनातून गेली. माझ्या डब्यात अब्बांची एक आहे. तिच्या कडेची नक्षी झिजून गुळगुळीत झाली आहे, त्यामुळे ती चलनात असती तरी कुणी घेतली नसती.

आता मूळ गोष्टीकडे येतो.

१९८८ साल. मी एस. वाय. बी. ए.ला होतो. अब्बांना टायफॉइड झाला होता आणि ते पंधरा दिवस अंथरुणावर होते. त्याआधी एका वयस्कर मेंबरचा क्यू टीप बदलायला घरी आलेला होता. विलायती, जुना. पुढची दांडी अ‍ॅश या लाकडाची, मागची मूठ एबनीची, म्हणजे काळ्याभोर लाकडाची. हे एबनी आपल्या टेंभुर्णीच्या कुळातलं. ज्या झाडाच्या पानात विडी वळतात, त्याच्या गाभ्यातही असंच काळं लाकूड असतं, पण विडीच्या पानापलीकडे आपण त्या झाडाला कधी विचारलं नाही. असो. त्या क्यूवर एबनीची चार पानं अ‍ॅशच्या दांडीवर चार बाजूंनी हातानं सांधलेली होती. हातानं सांधलेला क्यू ओळखायची खूण सांगतो. काळ्या रंगाची टोकं कमानीसारखी गोल असतात. यंत्रानं सांधलेल्या क्यूची टोकं भाल्यासारखी अणकुचीदार असतात.

मी टीप बदलली. चांगली बदलली. तिथंच थांबलो असतो तर हे भाषण झालं नसतं. पण मी तो क्यू डोळ्याला लावून पाहिला आणि मला दिसलं की दांडीत किंचित बाक आहे. फरशीवर लोळवून पाहिला तर मधला भाग उचलत होता. पावसाळ्यात भिंतीला टेकवून ठेवलेल्या क्यूला असा बाक येतो. एका अंगानं दमट हवा पितो, दुसऱ्या अंगानं कमी, आणि वर स्वतःच्या वजनानं वाकतो. मला वाटलं, अब्बा बरे होऊन उठतील तेव्हा हा सरळ केलेला दाखवू. बांबू वाफेवर सरळ करतात हे मी बुरुड आळीत पाहिलेलं होतं. अम्मीची चहाची किटली स्टोव्हवर ठेवली आणि तिच्या तोटीवर क्यू धरला.

दोन गोष्टी मला ठाऊक नव्हत्या. एक, जुने क्यू सरसानं चिकटवलेले असतात, आणि सरस म्हणजे जनावरांच्या कातडीहाडांचा अर्क. ऊब आणि पाणी एकत्र मिळालं की तो पुन्हा मऊ होतो. दुसरी, अ‍ॅशच्या रेषा. चांगल्या दांडीत रेषा या टोकापासून त्या टोकापर्यंत लांबीला धरून धावतात. कुठं एखादी रेघ तिरकी होऊन अंगातून बाहेर पडत असेल, तर तिथं ते लाकूड जोर सहन करत नाही. त्या क्यूला मुठीच्या वरच अशी एक रेघ बाहेर पडत होती. वाफ लागली, मी गुडघ्यावर धरून हलकेच दाबलं. आवाज फार मोठा झाला नाही. उडीद भाजताना एखादा दाणा फुटतो तेवढाच. आणि खाली पाहतो तर एबनीची दोन पानं सुटून वर आलेली.

मी तो क्यू चादरीत गुंडाळून कपाटामागे ठेवला आणि दोन दिवस कॉलेजात गेलो नाही. तिसऱ्या दिवशी अब्बांनी अंथरुणातूनच विचारलं, “साब का क्यू हुआ क्या?” मी क्यू आणून त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी भेगेवरून अंगठा फिरवला, सुटलेली पानं बोटानं दाबून पाहिली, मला म्हणाले, “चाय पी, जा.” बस, एवढंच.

बरे झाल्यावर ते क्यू घेऊन क्लबात गेले आणि संध्याकाळी तोच क्यू घेऊन परत आले. म्हणाले, साहेबांनी दिलाय, पोराला शिकायला राहू दे म्हणाले. मी त्या अनोळखी साहेबाला मनातल्या मनात किती दुवा दिला असेल! माझी पहिली छापून आलेली कविता एका मोठ्या मनाच्या माणसावर होती. तो माणूस म्हणजे हाच साहेब. कविता बेतास बात होती, पण भावना खरी होती.

अब्बा १९९९ साली गेले. चाळिसाव्याला त्यांचे जोडीदार मार्कर आले होते. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. अब्बांपेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी लहान, अब्बांच्या हाताखालीच तयार झालेले. जेवणं झाल्यावर आम्ही दोघं पडवीत बसलो. कोपऱ्यात तो चादरीतला क्यू पाहून ते म्हणाले, “हा अजून ठेवलाय व्हय? लई महाग पडला हा तुझ्या बापाला.” मग एकेक करत कळलं. अब्बांनी क्लबात सांगितलं होतं की क्यू त्यांच्याच हातून गेला, तापात नीट दिसलं नाही. साहेबांनी तक्रार केली होती. दर महिना शंभर रुपये, बारा महिने, पगारातून कापून घेतले गेले. भरपाई मिळाल्यावर मोडका क्यू घेऊन काय करायचं, म्हणून तो अब्बांच्या अंगावर टाकला होता. त्या वर्षी माझी परीक्षेची फी वेळेवर भरली गेली होती. पैसे कुठून आले हा प्रश्न मला पडलाच नव्हता. एकोणीस वर्षांच्या पोराला तो पडत नाही.

मामांना वाटत होतं की मला सगळं माहीत असणार. माझा चेहरा पाहून त्यांनी विषय बदलला आणि पावसाचं काढलं.

त्यानंतर मी तो क्यू वीस वर्षं सोडला नाही. चादर फक्त बदलायचो. बाकीचं काम चालू होतं. दिवसा एका छापखान्यात मुद्रितशोधक, रात्री पडवी. या दरम्यान पुण्यात पूलचे अड्डे निघाले, मॉलमध्ये, हॉटेलांच्या गच्च्यांवर. बिलियर्ड्स खेळणारे जुने लोक कमी झाले आणि जीन्स घातलेली पोरंपोरी माझ्याकडे यायला लागली. पूलचा क्यू वेगळा. त्याचे चेंडू स्नूकरपेक्षा मोठे, सत्तावन्न मिलिमीटरचे, स्नूकरचे साडेबावन्नचे. म्हणून टीपही रुंद, स्नूकरची साडेनऊ-दहाची तर याची बारा-तेराची. दांडी अ‍ॅशची नसते, मेपलची असते. बरोबर मध्यावर स्क्रूनं उघडतो आणि खांद्यावरच्या पिशवीत मावतो. या पोरांचे क्यू वाकतात ते बहुधा गाडीच्या डिकीत. मे महिन्यात डिकीत ठेवलेला क्यू आणि तव्यावर ठेवलेला क्यू यांत मला फरक वाटत नाही. पण पोरं गोड असतात. एकदा एकानं विचारलं, अंकल, दुधात भिजवलेली टीप बनवून द्याल का? हा अमेरिकेतला प्रकार आहे. मऊ टीप दुधात भिजवून, व्हाइसमध्ये दाबून, वाळवून घट्ट करतात. मी करून पाहिली. टीप बरी झाली, पण चहाच्या पातेल्यात चामडं सापडल्यावर बायको जे बोलली ते नभोवाणीवर सांगण्यासारखं नाही.

मग मार्च २०२० उजाडला. छापखाना बंद झाला तो पुन्हा उघडला नाही. घरात बसून होतो. पहिले दोन महिने कविता लिहायचा प्रयत्न केला. सगळे तेच करत होते. जूनमध्ये चादर सोडली.

दांडी वाचण्यासारखी नव्हती. बत्तीस वर्षांत भेग हातभर पुढे गेली होती. पण एबनी शाबूत होतं. माझी चूकच या वेळी उपयोगाला आली. मी पुन्हा किटली ठेवली आणि पुन्हा वाफ दिली, आता मुद्दाम. न सुटलेली दोन पानंही सावकाश सुटली. चारही पानं स्वच्छ केली, फळ्यांमध्ये दाबून ठेवली.

अ‍ॅश आपल्याकडे होत नाही. पण आता टिंबर मार्केटात फर्निचरसाठी परदेशी फळ्या येतात. बाजार उघडल्यावर मी एका वखारीत तीन वेळा गेलो. दुकानदार तिसऱ्यांदा म्हणाला, “चाचा, बंगला बांधताय का?” मला हवी होती एकच फळी, जिच्या रेषा सरळ आहेत. ती मिळाली. तिच्यातून सव्वा इंची चौकोनी कांडी कापून घेतली आणि पडवीच्या तुळईला दोरीनं उभी टांगली. टांगली की चारही बाजूंनी सारखी हवा लागते. चार महिने नुसती बघत बसलो. मग रंध्यानं आठकोनी केली, पुन्हा टांगली. दर वेळी थोडं लाकूड काढलं की आतला ताण मोकळा होतो आणि कांडी कुठंतरी कणभर वळते. तिला वळू द्यायचं, मग पुढचं काढायचं. घाई केली तर तोच बाक क्यू तयार झाल्यावर येतो. लेथवर हे काम तासाभरात होतं. माझ्याकडे लेथ नाही असं नाही, एक छोटा आहे, टोपणं आणि पितळी भाग करायला. पण हा क्यू मला लेथवर घ्यायचा नव्हता. का, ते नीट सांगता येणार नाही.

सांधा करायचा तर दांडीच्या जाड बाजूला समोरासमोरच्या दोन अंगांनी लांब उतार काढायचे, रंध्यानं, असे सपाट की फूटपट्टीखालून उजेड येऊ नये. त्यावर दोन पानं चिकटवायची, दोरी गुंडाळून आवळायची, वाळल्यावर उरलेल्या दोन अंगांना तेच करायचं. माझी अडचण अशी की जुनी पानं आतून साफ करताना थोडी पातळ झाली होती. मूठ बारीक झाली असती. म्हणून प्रत्येक पानाखाली शिसवीची पातळ पट्टी घातली. ती आमच्या जुन्या पाळण्याच्या दांडीतून काढली. त्यामुळे काळ्या कमानीच्या कडेनं आता एक तपकिरी कमान दिसते. मूळ क्यूला ती नव्हती. डिंक सरसाचा नाही वापरला. आणखी कुणाच्या घरी किटली असू शकते.

अ‍ॅशची रंध्रं उघडी असतात. त्यांत काजळी आणि बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, असं कालवून चोळलं, की रेषा काळ्या उठून दिसतात. दांडीच्या एका अंगाला त्या बाणांच्या टोकांसारख्या एकामागे एक येतात. खेळाडू ते बाण वर ठेवून क्यू धरतो, म्हणजे दर वेळी तीच बाजू वर राहते. मग पंधरा दिवस रोज रात्री तळहातानं तेल. कापडानं नाही, तळहातानंच, म्हणजे ऊब लागते. मुठीत तळाकडून भोक पाडून शिसं घातलं आणि वजन सुमारे चारशे ऐंशी ग्रॅमवर आणलं. मुठीकडे वजन जास्त झालं की पुढचं टोक उचलतं. मी शिसं चार वेळा काढलं, चार वेळा घातलं. सगळं मिळून सोळा महिने लागले.

या काळात एक गोष्ट लक्षात आली, ती लपवत नाही. उजवा हात थरथरायला लागला आहे. डॉक्टर म्हणतात, घाबरण्यासारखं नाही, वयानं होतं, काहींना लवकर होतं. सही करताना कळत नाही. टीप कापताना कळतं. पातं पितळेला लागतं आणि एक बारीक ओरखडा उठतो. त्या क्यूच्या टोपणावर असे दोन ओरखडे आहेत. घासून काढता आले असते. टोपण पातळ झालं असतं. राहू दिले.

गेल्या वर्षी मामांना घरी आणलं. ते आता ऐंशीच्या पुढं आहेत, नातवानं रिक्षानं आणून सोडलं. डोळ्यांचं ऑपरेशन झालंय, कान गेलेत, पण बोटं अजून मार्करची आहेत. मी क्यू त्यांच्या हातात दिला. हा कुठला, असं काही त्यांनी विचारलं नाही. मुठीवरून बोट फिरवत गेले. शिसवीच्या पट्टीवर थांबले. “हे नव्हतं,” म्हणाले. मग टोकापर्यंत गेले, टिपेवर अंगठा ठेवला आणि खिशात हात घातला. काय शोधतायत ते मला कळलं. मी डब्यातली पावली काढून दिली. त्यांनी ती टिपेवर धरून खिडकीकडे पाहिलं आणि मान हलवली.

नंतर म्हणाले, “लोळव.” आमच्या जेवणाच्या टेबलाला काच आहे. तिच्यावर क्यू ठेवला आणि हलकेच ढकलला. मला तर तो सरळ लोळताना दिसला. मामा खाली वाकून, काचेच्या पातळीला डोळा लावून बघत होते. दोनदा लोळवायला लावला. तिसऱ्यांदा स्वतः लोळवला.

“थोडा जातोय,” ते म्हणाले. “पुढच्या हातभरात. डावीकडं.”

मी म्हटलं, “कुठं मामा, मला दिसत नाही.”

“तुला नाही दिसायचं. तुझ्या बापाला दिसला असता.” मग चहाचा कप हातात घेत म्हणाले, “आत्ता नको छेडू. पाऊस जाऊ दे. दसऱ्यानंतर बघ.”

क्यू पुन्हा तुळईला टांगला. दसऱ्यानंतर पाहिला. मला तेव्हाही काही दिसलं नाही. मामांना पुन्हा आणायचं होतं, पण त्यांना आता जिना चढवत नाही. येत्या रविवारी क्यू घेऊन मीच त्यांच्याकडे जाणार आहे. त्यांच्या घरात टेबलाला काच नाही, म्हणून घरची काच चादरीत गुंडाळून बरोबर नेतो आहे.